घरी बनवलेल्या दुर्बिणीतून आकाशाचे फोटो : नाशिकच्या गच्चीवरून सुरुवात

माझा चंद्राचा पहिला फोटो अंड्यासारखा आला होता. लांबट, कडा पुसलेल्या, शेजारी त्याचीच एक फिकट सावली. मी आरशाला दोष दिला आणि आठवडाभर त्याच्याशी झटापट केली. मग लक्षात आलं, की दुर्बीण ज्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवली होती त्याचा एक पाय आखूड होता. फोनच्या पडद्यावर बोट टेकलं, की सगळा डोलारा डुलायचा. स्टूल काढून चार विटा मांडल्या आणि त्याच आरशातून त्याच फोनने खड्ड्यांच्या कडा दिसतील असा फोटो आला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला म्हणूनच आधी सांगतो, की मोठ्या आरशामागे लागू नका. घरगुती सामानात फोटो बिघडवते ती थरथर, आणि थरथर थांबवणं स्वस्त असतं. वीट, वाळूची पिशवी, जाड प्लायवुड आणि दोन सेकंदांचा टायमर एवढ्याने बरंच काम होतं.

आधी पंचांग बघा

चंद्राचा फोटो पौर्णिमेला काढू नका. त्या दिवशी चंद्रावर ऊन समोरून पडतं, खड्ड्यांना सावलीच नसते आणि चंद्र भाकरीसारखा सपाट दिसतो. कोजागरीला दूध प्या, फोटो शुद्ध सप्तमी-अष्टमीला काढा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर डोंगर-खड्डे उठून येतात. चंद्रही संध्याकाळी वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे सकाळच्या पाळीला जाणाऱ्यालाही जमतं.

ताऱ्यांचं आणि तेजोमेघांचं, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या उजळ ढगांचं, गणित उलटं. वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री धरा. नाशिकला पाऊस सरल्यावर ऑक्टोबरअखेरपासून मेपर्यंत हंगाम असतो. थंडीत मृग आणि कृत्तिका, एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा जाड पट्टा. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे युरोपातल्या बहुतेक छायाचित्रकारांना घरून कधी न दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला मिळतात. अगस्तीचा तारा दक्षिण क्षितिजापासून १७ अंश वर येतो, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ २२ अंशांपर्यंत. फक्त दक्षिणेला बिल्डिंग नको.

एक नियम मात्र मोडायचा नाही. दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल हे काहीही चालत नाही. डोळा क्षणात जातो, आणि दुखतही नाही म्हणून कळतही नाही. दिवसा दुर्बीण गच्चीवर झाकण न लावता ठेवू नका.

दुर्बीण : आरसा विकत, बाकी घरी

आरसा स्वतः घासावा की विकत घ्यावा, यावर हौशी मंडळींत कायम वाद असतो. घासण्यात मजा आहे. काचेच्या दोन चकत्या एकावर एक ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचं, ८० नंबरच्या जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत उतरत जायचं आणि शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचं. सहा इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा पडते तिथपर्यंतच्या अंतराच्या) आरशाला मध्यभागी खोली लागते फक्त १.२ मिमी. पण तो पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतका अचूक हवा. ही तपासणी ब्लेडचं पातं आणि एक दिवा वापरून होते. पद्धत फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकातली, आणि आजही हौशी लोक तीच वापरतात. पुण्याच्या आयुका संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. संधी मिळाली तर सोडू नका.

तरीही माझं मत असं, की पहिला आरसा विकत घ्या आणि दुसरा घासा. पहिल्याच आरशात अडकलेले लोक फोटोपर्यंत पोचत नाहीत. साडेचार किंवा सहा इंच, एफ-८ च्या आसपास, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट, एवढं पुरे. मुख्य आरसा आणि छोटा तिरपा आरसा अशी जोडी घ्यायची. मुख्य आरसा प्रकाश गोळा करतो, तिरपा तो बाजूच्या नेत्रिकेकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे वळवतो.

नळीसाठी शेतीचा पीव्हीसी पाइप सगळ्यांना आधी सुचतो. मलाही सुचला. सहा इंची आरशाला २०० मिमीचा पाइप लागतो, तो जड होतो आणि गोल असल्याने त्यावर काही बसवायचं म्हटलं की ड्रिल घसरतं. त्यापेक्षा प्लायवुडची चौकोनी पेटी करा. सहा मिमी प्लाय, कोपऱ्यांत आतून पट्ट्या, आतली रुंदी १९ सेमी. सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या, चकचकीत ऑइलपेंट नको.

नेत्रिकेची नळी म्हणून बेसिनखालचा क्रोमचा सव्वा इंची पाइप उत्तम. बाजारातल्या साध्या नेत्रिकांची दांडीही सव्वा इंचीच असते. तिचा नमुना बरोबर न्या आणि ती सरकेल असा तुकडा सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्या. बैठक डॉब्सन पद्धतीची, म्हणजे खाली फिरता पाट आणि वर तोफेसारखी वरखाली होणारी नळी. पाटाला सनमायका, त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. धक्का न लागता फिरते आणि सोडली तिथेच थांबते.

आता पेटीला भोक पाडायच्या आधी हे वाचा. डोळ्याने बघण्यासाठी केलेल्या दुर्बिणीला डीएसएलआर लावला, की बहुतेकदा फोकसच होत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर तोंडापासून साडेचार सेंटिमीटर आत असतो आणि प्रतिमा त्याच्या अलीकडेच तयार होते. सोपा उपाय म्हणजे मुख्य आरसा चार-पाच सेमी पुढे सरकवणं. म्हणून आरशाची चकती पेटीत दोन ठिकाणी बसवता येईल अशी भोकं आधीच पाडून ठेवा. नाभीय अंतर विकणाऱ्याच्या शब्दावर धरू नका. आरशाने चंद्राची प्रतिमा कागदावर पाडा आणि टेपने मोजा. माझ्या ‘१२००’ च्या आरशाचं अंतर ११७४ निघालं.

आरसे जुळवायला यंत्र लागत नाही. मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर वहीच्या पानाच्या भोकाला लावतात ती गोल चिकटपट्टी लावा. मधोमध बारीक भोक पाडलेलं झाकण नेत्रिकेच्या जागी बसवा आणि त्यातून बघा. तिरप्या आरशात मुख्य आरसा पूर्ण गोल दिसायला हवा आणि चिकटपट्टीच्या मध्यात तुमचंच भोक दिसायला हवं. नाही दिसलं तर मागचे तीन स्प्रिंगचे बोल्ट थोडे थोडे फिरवा. दुर्बीण जिना चढून गच्चीवर आली, की दर वेळी हे करायचं.

फोन नेत्रिकेवर

हातात फोन धरून नेत्रिकेतून फोटो काढणारे लोक आहेत, आणि त्यांचा संयम मोठा आहे. तुम्ही फोनचं जुनं कडक कव्हर घ्या. नेत्रिकेच्या बाहेरून घट्ट बसेल असा पीव्हीसी कपलरचा तुकडा एम-सीलने त्या कव्हरला चिकटवा. जागा अचूक कशी शोधायची? आधी कपलर नुसता टेकवून नेत्रिका गच्चीवरच्या ट्यूबलाइटकडे धरा. पडद्यावर उजेडाचं वर्तुळ येतं. ते मधोमध आलं, की पेन्सिलने खूण करा आणि मग चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत केलं तर वर्तुळ कायमचं कोपऱ्यात जाऊन बसतं आणि एम-सील परत निघत नाही.

दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन अंधारात मनाला येईल तेव्हा लेन्स बदलतात. मुख्य कॅमेरा पक्का करा, झूम १ वर ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १/१२५ पासून सुरुवात. चंद्र पांढरा फटक आला तर १/२५०. चंद्रावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. शटरसाठी टायमर लावा, किंवा वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये तेच शटर होतं आणि फोनला हात लागत नाही.

१२०० मिमीच्या आरशाला २५ मिमीची नेत्रिका लावली, की ४८ पट होतात आणि पूर्ण चंद्र मावतो. सुरुवात इथूनच. पहिल्याच रात्री १० मिमी लावायचा मोह होतो, तो आवरा. जितके पट मोठं तितकी थरथरही मोठी.

गच्चीची आणखी एक खोड आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ ऊब सोडत राहतो आणि चंद्र पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. उन्हाळ्यात अकराच्या आधी दुर्बीण लावण्यात अर्थ नाही. आरशालाही बाहेरच्या हवेइतकं गार व्हायला पाऊण तास द्या. मी मागे कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवलाय, तो १२ व्होल्टवर चालतो. फोटो काढताना मात्र बंद करायचा, कारण तोही थरथरतो.

ग्रह : फोटो नाही, व्हिडिओ

नाशिककराला गुरूची ओळख करून द्यायला नको. तो सिंह राशीत गेला, की आपल्याकडे सिंहस्थ भरतो. सूर्याभोवतीची त्याची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून हे बारा वर्षांचं चक्र. त्याचे चार मोठे चंद्र साध्या फोनवरही टिपता येतात. शटर थोडं लांबवलं, की ओळीत ठिपके येतात. पट्टे हवे असतील तर मात्र व्हिडिओ घ्यावा लागतो.

यासाठी जुना वेबकॅम सोन्यासारखा. त्याची पुढची लेन्स काढून टाका. तो कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मच्या काळ्या डबीला बसवा. ही डबी जवळपास सव्वा इंचाचीच असते, नेत्रिकेच्या जागी जाते. फोटो स्टुडिओवाल्या काकांच्या फडताळात अजून सापडतात. दुप्पट करणारी बार्लो लेन्स मध्ये घातली, की नाभीय अंतर २४०० होतं आणि गुरू सेन्सरवर अर्धा मिलिमीटर भरतो.

मोटर नाही, म्हणजे ग्रह चौकटीतून पळणार. तो वीसेक सेकंदांत एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो. त्याच्या मागे दुर्बीण ढकलत बसू नका. ग्रह ज्या बाजूने येणार त्या कडेच्या जरा बाहेर ठेवा, हात काढा, थरथर थांबू द्या आणि त्याला स्वतःहून चौकटीतून चालत जाऊ द्या. तेवढा व्हिडिओ घ्या. पुन्हा मागे आणा, पुन्हा सोडा. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे एका फोटोसाठीचे सगळे तुकडे दोन-तीन मिनिटांत उरका, नाहीतर पट्ट्यांवरचा तपशील पुसला जातो.

फोकससाठी पुठ्ठ्याचं झाकण करा, त्याला समोरासमोर दोन भोकं पाडा आणि ते दुर्बिणीच्या तोंडावर ठेवा. फोकस नसेल तर एका ताऱ्याचे दोन दिसतात. ते एकमेकांत मिसळले, की झालं. मग झाकण काढा. नंतर अर्धा तास ‘अजून थोडं डावीकडे फिरवून बघू का’ हे सुचत राहतं, तिकडे लक्ष देऊ नका.

बिजागरीचा ट्रॅकर

आता दुर्बीण बाजूला ठेवा. तारे आणि तेजोमेघ टिपायला सुरुवातीला साधा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स दुर्बिणीपेक्षा उपयोगी पडते. अडचण एकच, पृथ्वी फिरते. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर पुन्हा दीडने भागा. तेवढ्या सेकंदांनंतर ताऱ्यांच्या रेघा होतात. ५० मिमीला जेमतेम सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात मृगातला तेजोमेघ नुसता गुलाबी डाग दिसतो.

यावरचा उपाय सुताराच्या दुकानात आहे. दोन फळ्या, त्यांना जोडणारी एक लांब बिजागरी आणि एम-६ चा बोल्ट. बोल्ट खालच्या फळीत पक्क्या बसवलेल्या नटातून वर येतो आणि वरची फळी हळूहळू उचलतो. वरच्या फळीवर कॅमेरा. आकाशाची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची, म्हणजे सुमारे १४३६ मिनिटं. एम-६ चे आटे १ मिमीचे, म्हणजे मिनिटाला एक फेरा दिला तर फळी १ मिमी वर जाते. १४३६ ला दोन पायने (२π, म्हणजे सुमारे ६.२८ ने) भागलं, की २२८.६ येतात. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून बोल्टपर्यंत एवढे मिलिमीटर अंतर ठेवा. एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं तरी ५० मिमीच्या लेन्सला कळत नाही. घरी एम-८ चा बोल्ट पडला असेल तर त्याचे आटे १.२५ चे, अंतर २८५.७.

बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखायची. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून २० अंशच वर असतो. ३० सेमी लांबीच्या फळीचं उत्तरेकडचं टोक सव्वादहा सेमी उचललं, की तो कोन मिळतो. उत्तरेला तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला हवी. ती उजवीकडे गेली तर ट्रॅकर उलटा फिरतो आणि रेघा दुप्पट होतात. बिजागरीला शहाळ्याची स्ट्रॉ सेलोटेपने चिकटवा. त्या स्ट्रॉमधून ध्रुव दिसला, की जुळणी झाली. सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधा.

बोल्टच्या खालच्या टोकाला डब्याचं झाकण बसवून त्यावर घड्याळासारख्या बारा खुणा करा आणि सेकंदकाट्याच्या तालाने फिरवा. पाव फेरा देऊन पंधरा सेकंद थांबलात तर तारे उड्या मारतील. हात सतत, सावकाश चालू ठेवा. भाचा हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. तो मनातल्या मनात पाढे म्हणतो. दहा मिनिटांनी बोल्ट मागे घ्या आणि नव्याने सुरू करा.

कॅमेरा : रॉ फाइल, एफ-२.८, आयएसओ १६००, ३० सेकंद. लेन्समधली कंपन रोखणारी सोय बंद. फोकस ठळक ताऱ्यावर पडदा मोठा करून हाताने, आणि मग रिंगला सेलोटेप. असे चाळीस फोटो म्हणजे वीस मिनिटांचा प्रकाश. शेवटी लेन्सवर टोपी घालून त्याच सेटिंगला दहा फोटो काळे घ्या, सेन्सरवरचे तापलेले ठिपके पुसायला ते लागतात.

ट्रॅकर होईपर्यंत थांबवत नसेल तर कॅमेरा विटेवर ठेवून, ध्रुव चौकटीत घेऊन, वीस-वीस सेकंदांचे शे-दोनशे फोटो काढा आणि जोडा. ध्रुवाभोवती गोलाईच्या रेघा मिळतात. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली होती, तेव्हा ही युक्ती आपल्या गावची म्हणायला हरकत नाही.

गावाबाहेर

शहरातून चंद्र आणि ग्रह जमतात. तेजोमेघांसाठी बाहेर पडावंच लागतं, आणि दिशा विचार करून निवडावी. दिंडोरीच्या पुढे गेलात तर ध्रुवाची बाजू स्वच्छ मिळते, पण दक्षिण शहराच्या उजेडात धुतली जाते. त्र्यंबकवरून हरसूलकडे उतरलात तर शहर पूर्वेला मागे राहतं. उन्हाळ्यातली आकाशगंगा तिकडून घ्यावी. गंगापूर धरणाचं पाणी फोटोत सुंदर दिसतं, पण डिसेंबरात तिथे दव इतकं पडतं, की तासाभरात लेन्स पांढरी होते. लेन्सभोवती पुठ्ठ्याची लांब नळी गुंडाळा, आणि शक्यतो पाण्यापासून लांब बसा.

एकटं जायचं नाही. एकदा दिंडोरीकडे मित्राच्या द्राक्षबागेच्या बांधावर आम्ही ट्रॅकर मांडून बसलो होतो. भाचा झाकण फिरवतोय, मी घड्याळ बघतोय. टॉर्च घेऊन शेजारचे बाबा आले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “मोजणी चाललीय का? रस्ता कुठनं जानार?” रस्ता नाही, कृत्तिका टिपतोय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. टॉर्च लेन्सवर रोखूनच त्यांनी सांगितलं, “त्या उसाकडं सरकू नका, परवा वाघरू दिसलंय.” तो फोटो गेला, पण सल्ला लाखमोलाचा होता. नाशिकच्या ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात बिबट्या ही रोजची गोष्ट आहे. जागामालकाला सांगून जा, गाडी जवळ ठेवा, तिघं-चौघं तरी असा. आणि टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, त्यात डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडत नाही. बाबांसाठीही एक जादा ठेवा.

घरी आल्यावर

एकावर एक फोटो रचून सरासरी काढली, की खरखर कमी होते. चार फोटोंनी निम्मी, शंभरांनी दहावा भाग. चंद्र-ग्रहांच्या व्हिडिओसाठी ऑटोस्टॅकर्ट आणि रेजिस्टॅक्स, ताऱ्यांसाठी डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. सगळे फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात, फक्त वेळ घेतात. जेवायला बसा तोवर. धार वाढवणारी पट्टी मात्र जपून सरकवा. सुरुवातीला सगळ्यांचाच चंद्र सिमेंटचा दिसतो.

जूनपासून दुर्बीण आवरून ठेवा. आरसा काढून स्टीलच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, नाहीतर ऑक्टोबरात त्यावर बुरशी दिसते. धूळ बसली असेल तर बसू द्या, थोड्या धुळीने फोटोला काही होत नाही. धुवायचाच असेल तर आधी नळाखाली धरा, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा, कापसाचा बोळा स्वतःच्या वजनानेच वरून ओढा आणि शेवटी बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर ओता. आरसा तिरपा उभा करून वाळू द्या. पुसायचा नाही. मी पहिल्या वर्षी आईच्या जुन्या मऊ नऊवारीचा तुकडा घेऊन हौसेने पुसला होता. बाजूने टॉर्च मारला, की ते ओरखडे अजून दिसतात.